आधी सुपारी, मग शक्ती: पंचमहाभूतांची भाडोत्री टोळी कशी रचायची

कॉमिकसाठी खलनायकांची टोळी रचायला बसलेला नवा लेखक पहिल्याच पानावर तक्ता आखतो. डावीकडे आग, पाणी, वारा, माती आणि उजवीकडे नावं, पोशाखाचे रंग, एकेकाची 'पॉवर'. तक्ता भरला की टोळी झाली असं वाटतं. मग पाचव्या-सहाव्या पानावर गाडी अडते, कारण या मंडळींनी एकत्र येऊन नेमकं करायचं काय हेच ठरलेलं नसतं. आगवाला जाळतो, पाणीवाली बुडवते, नायक येतो, हाणामारी होते, गोष्ट आटोपते.

टोळी भाडोत्री असेल तर हा घोळ आणखी खटकतो. सुपारी घेणाऱ्याची गोष्ट व्यवहारापासून सुरू होते. सुपारी दिली कुणी, कशाची, कितीला, कधीपर्यंत? म्हणून इथे क्रम बदलला आहे. शक्ती तिसऱ्या टप्प्यावर येतील, तोवर त्यांना हात लावायचा नाही.

## तयारी: वही, नकाशा आणि एक जुनी टोळी

साहित्य फारसं लागत नाही. एक वही, पेन्सिल, जिथे गोष्ट घडणार त्या जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि अभ्यासासाठी एक आयती टोळी. टोळी म्हणून मी डीसी कॉमिक्सची 'मास्टर्स ऑफ डिझास्टर' सुचवतो. 'बॅटमॅन अँड द आउटसायडर्स'च्या एप्रिल १९८४ च्या नवव्या अंकात ती पहिल्यांदा आली. लेखक माइक डब्ल्यू. बार, चित्रकार जिम अपारो. टोळीत पाच जण आहेत. न्यू वेव्ह ही पाण्याची, तिची धाकटी बहीण विंडफॉल वाऱ्याची, हीटस्ट्रोक उष्णतेची, कोल्डस्नॅप थंडीचा आणि शेकडाउन हादऱ्यांचा. पाचही जण पैसे घेऊन काम करतात.

या टोळीचे अंक वाचताना चौकटीशेजारी पेन्सिलने दोनच गोष्टी टिपा: कुणाची शक्ती वापरली, आणि त्यातून हातातलं काम किती पुढे सरकलं. दुसरा रकाना रिकामा राहिलेली चौकट निव्वळ आतषबाजीची. आतषबाजीला मनाई नाही, पण ती किती आहे याचा अंदाज तुम्हाला हवा.

चूक टाळा: तयारी म्हणून दहा टोळ्यांची यादी करत बसू नका. एकच टोळी चार वेळा वाचा.

## टप्पा १: सुपारीचा कागद

एका पानावर सहा उत्तरं लिहायची.

१. सुपारी कुणी दिली?
२. काम काय? एका वाक्यात, शेवटी क्रियापद असलेलं.
३. मुदत कधीपर्यंत, आणि तीच का?
४. पैसे किती? बयाणा किती, उरलेले कधी?
५. काय करायचं नाही?
६. देणाऱ्याला हे काम स्वतः का जमत नाही?

पहिल्या प्रश्नाला 'एक दुष्ट उद्योगपती' असं उत्तर देऊन बहुतेक जण मोकळे होतात. मास्टर्स ऑफ डिझास्टरच्या पहिल्या कथेत सुपारी ब्लॅक लाइटनिंग या नायकाच्या नावाची आहे, आणि ती देणारे आहेत त्याच्या एका चकमकीत जीव गेलेल्या मुलीचे आईवडील. पैसे मोजणारा इथे कुणी राक्षस नाही, आणि नायकाला स्वतःलाही त्या मृत्यूची बोच आहे. मारामारीच्या आधीच गोष्टीला वजन आलं ते तेवढ्या एका निवडीमुळे.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नासाठी डीसीच्याच डेथस्ट्रोक या भाडोत्री मारेकऱ्याची सुरुवात पाहा. १९८० साली 'द न्यू टीन टायटन्स'मध्ये हाइव्ह नावाच्या संघटनेचं काम आधी त्याचा मुलगा ग्रँट घेतो. मुलगा मरतो आणि अर्धवट राहिलेली सुपारी बाप अंगावर घेतो. म्हणजे तो टायटन्स या तरुण नायकांच्या संघामागे लागतो ते करारामुळे, आणि त्या करारात दुःखही गुंतलेलं आहे. त्याच्याकडे कोणती शक्ती आहे हे आपण अजून विचारलेलंही नाही.

आता एक नमुना घेऊ, तो शेवटपर्यंत चालवू. सुपारी देणारा भीमेच्या काठचा वाळूचा ठेकेदार. त्याचे बारा डंपर महसूल खात्याने जप्त करून तहसीलच्या आवारात उभे केलेत. काम: बारा डंपर एका रात्रीत आवाराबाहेर काढायचे. मुदत: सोमवारी लिलाव आहे, त्याच्या आत. काय करायचं नाही: कुणाचा जीव जाता कामा नये. जीव गेला की प्रकरण महसुलाकडून पोलिसांकडे जातं आणि ठेकेदाराला तेच नको आहे. तो हे स्वतः का करत नाही? गावात पान हललं तरी पहिला संशय त्याच्यावर येतो म्हणून.

हा कागद नीरस वाटेल, तसाच असू द्या. पुढची सगळी मजा पाचव्या उत्तरातून निघते.

तपासा: कागदावरून 'डंपर' खोडून 'हिरा' लिहिलं आणि काहीच बिघडलं नाही, तर सुपारी अजून कच्ची आहे.

## टप्पा २: नाती ठरवा

आता माणसं. त्यांच्या शक्ती अजूनही कोऱ्या ठेवायच्या. कोण कुणाचं कोण, आणि प्रत्येकाला पैसे कशाला हवेत, एवढंच लिहायचं.

मास्टर्स ऑफ डिझास्टरमध्ये दोन नाती आहेत आणि टोळी त्यांच्यावरच उभी आहे. पहिलं दोन बहिणींचं. न्यू वेव्ह म्होरकी, विंडफॉल तिच्या मागून ओढली गेलेली. दुसरं हीटस्ट्रोक आणि कोल्डस्नॅप यांचं. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण एक जळती, दुसरा गोठता, त्यामुळे स्पर्श करण्याची सोय नाही. या दोघांना वेगळी पूर्वकथा लिहायला नको. एका चौकटीत ते एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेले दाखवले की काम झालं. पाचव्याला, शेकडाउनला, अशी गाठ नाही आणि तो वाचकाच्या सगळ्यात कमी लक्षात राहतो. योगायोग नाही तो.

आपल्या टोळीतही दोन नाती पुरेत. बहिणी घेतल्या तर त्यांच्या बोलण्यातून अधिकार दिसू द्या. धाकटी 'ताई' म्हणते, मोठी नावाने हाक मारते आणि प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळते.

"ताई, वॉचमन आतच झोपलाय."
"मग?"
"त्याला काही झालं तर…"
"तू तुझं काम बघ."

संवादाच्या चार फुग्यांत धाकटी टोळी सोडणार याची चाहूल लागली. हे लिहायला दोन बहिणींपैकी कुणाच्या हातून काय निघतं याचा तपशील लागला नाही.

पैसे कशाला हवेत, याला 'श्रीमंत व्हायला' असं उत्तर नको. एकाला थकलेला हप्ता फेडायचा आहे, दुसऱ्याला पुढची सुपारी मोठी मिळावी म्हणून नाव कमवायचं आहे, तिसऱ्याला पैसे नकोच आहेत, पण बाकीचे घेतात म्हणून तोही घेतो. हा तिसरा फार कामाचा. वाटणीच्या वेळी सगळ्यात आधी भांडतो तो हाच.

चूक टाळा: पाचही जणांना करुण बालपण देऊ नका. एकाला द्या. बाकीचे कामावर आलेत.

## टप्पा ३: आता शक्ती, पण हिशोबाने

इथे मराठी लेखकाच्या हाती आयता साचा असतो: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. तो वापरायला हरकत नाही. मात्र चौघांचं सहज जमतं आणि पाचव्याशी, आकाशाशी, काय करावं कळत नाही. मग त्याला उडता येतं, किंवा तो 'अवकाशातून ऊर्जा' आणतो. त्यापेक्षा परंपरेतच उत्तर शोधा. दर्शनांमध्ये आकाशाचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी, मानला आहे. तेव्हा आपला आकाशवाला आवाज गिळणारा करू. तो उभा असेल तिथे वीस पावलांच्या परिघात काही ऐकू येत नाही. मध्यरात्री बारा डंपर हलवणाऱ्यांना याहून उपयोगी माणूस मिळणार नाही. कॉमिकच्या दृष्टीनेही हा सौदा झकास आहे, कारण त्याच्या चौकटींत फुगे नाहीत, धाडधूम नाही, नुसती चित्रं.

बाकीच्या प्रत्येक शक्तीला चार प्रश्न विचारायचे. कच्चा माल कुठून येतो? किती लागतो? वापरल्यावर अंगावर काय येतं? जवळ उभ्या असलेल्या साथीदाराचं काय होतं?

पाण्याचं उदाहरण नीट करून पाहू. तहसीलचं आवार चाळीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद धरा. पाणीवालीला तिथे दोन फूट पाणी भरायचंय, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर. गुणाकार केला की ७२० घनमीटर येतात. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन, म्हणजे ७२० टन पाणी, दहा हजार लिटरचे बहात्तर टँकर. पाणी निर्माण करण्याची शक्ती तिला दिली असेल तर हा आकडा कुणी विचारणार नाही, आणि गोष्टही तिथेच सैल होईल. असलेलं पाणी फक्त हलवता येतं अशी अट घाला. लगेच प्रश्न पडतो की सोलापूरकडच्या उन्हाळ्यात ते आणायचं कुठून? भीमेचं पात्र कोरडं. पाणी येणार ते उजनी धरणातून आवर्तन, म्हणजे पाण्याची ठरलेली पाळी, सुटल्यावर. झालं, टोळीला आवर्तनाच्या तारखेची वाट बघणं आलं आणि तिकडे लिलावाची तारीख जवळ येत चालली. कथेत ताण आला तो एका गुणाकारामुळे.

तेजाचा हिशोबही असाच बघा. आगवाला हात फिरवतो आणि पूर आटतो, हे चित्र फार वेळा दिसतं. उकळायला लागलेल्या एक लिटर पाण्याची संपूर्ण वाफ करायची, तर तेच पाणी शून्य अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला लागली त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता लागते. शिवाय पाण्याची वाफ झाली की ती सतराशेपटीच्या आसपास जागा व्यापते. बंद आवारात तसं केलं तर नायकाआधी साथीदार भाजतील. म्हणजे आगवाल्याने पाण्यावर आग सोडायचीच नाही असा टोळीचा नियम झाला. नियम केला की तो मोडण्याचा प्रसंगही आपोआप मिळतो.

हादऱ्यांबाबत सगळ्यात गमतीचा घोळ. तहसीलच्या आवारात जप्त वाळूचे ढीग आहेत. पाण्याने भिजलेल्या मोकळ्या वाळूला जोराचे हादरे बसले की तिची पकड जाते आणि ती काही काळ द्रवासारखी वागते. भूकंपात इमारती खचतात त्यामागे हेही एक कारण असतं. तेव्हा धक्केवाल्याने भिंत पाडायला पाय आपटला, तर ढिगांना टेकून उभे असलेले डंपर चिखलात रुततील. जे पळवायला आलो तेच गाडून बसलो.

वाऱ्याचं थोडक्यात: वाळूच्या ढिगाजवळ वारा सोडला की पहिली माती टोळीच्याच डोळ्यांत जाते. गॉगल सगळ्यांना.

तुम्ही डीसीसारखा थंडीवाला घेणार असाल तर त्याला डंपरपासून लांब ठेवा. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट व्हायला लागतं, बॅटरीचा जोरही घटतो.

सावधान: हादरे देणारा खलनायक महाराष्ट्रात आणत असाल तर कोयना (११ डिसेंबर १९६७) किंवा किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) त्याच्या खात्यावर टाकू नका. घरातली माणसं गमावलेले लोक आजही आहेत. त्यांचं दुःख तुमच्या पात्राची ओळखपत्रं करायला नाही.

तपासा: प्रत्येकाच्या शक्तीमुळे सुपारीचा कुठला तरी भाग सोपा झाला पाहिजे आणि दुसरा कुठला तरी अवघड. नुसताच सोपा होत असेल तर अटी वाढवा.

## टप्पा ४: दहा जोड्या

पाच जणांच्या दहा जोड्या होतात. दहा ओळी लिहा, एका जोडीला एक. दोघांनी एकाच वेळी शक्ती वापरली तर काय होईल? आमच्या नमुन्यात पाणी आणि हादरे म्हणजे दलदल, आग आणि वारा म्हणजे हाताबाहेर गेलेली आग, आकाश आणि कुणीही म्हणजे एकमेकांना सूचना देता येत नाहीत. ही शेवटची ओळ लिहीपर्यंत ध्यानात येत नाही. आवाज गिळणारा माणूस सोबत असला की टोळी आपोआप मुकी होते. 'थांब' म्हणून ओरडायची सोय नाही. त्यांना हातवाऱ्यांची भाषा ठरवावी लागेल, आणि अंधारात हातवारे दिसत नाहीत.

दहापैकी तीन-चार जोड्या घातक निघाल्या तर टोळी चांगली जमली. सगळ्याच एकमेकांना पूरक निघाल्या तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

या टप्प्यावर एक साधा प्रश्न कुणीच विचारत नाही. या पाच जणांपैकी डंपर चालवता कुणाला येतो? महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात, टायरांत हवा नसते. पंचमहाभूतं हजर आहेत आणि गॅरेजवाला नाही. टोळीला सहावा माणूस घ्यावा लागतो, साधा मेकॅनिक, कसलीही शक्ती नसलेला, आणि वाटणीत तो बरोबरीचा हिस्सा मागतो. माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात चांगलं पात्र तोच.

## टप्पा ५: नाव आणि रूप

यावर आठवडे घालवू नका. नाव उच्चारायला सोपं हवं, फुग्यात एका ओळीत मावायला हवं. आकृती काळ्या शाईने भरली तरी पाचही जण वेगळे ओळखू आले पाहिजेत. एक रुंद, एक उंच, एक कायम वाकलेला, एकीचे केस मोकळे, एक बुटका. रंगावर विसंबू नका, छपाई कृष्णधवल झाली तर सगळेच राखाडी.

टोळीला बाहेर लोक काय म्हणतात आणि ती स्वतःला काय म्हणवते, ही दोन वेगळी नावं असली तर आणखी बरं.

## टप्पा ६: नायक कोणता घ्यावा

आगीसमोर पाणी, पाण्यासमोर वीज, अशा जोड्या लावायचा मोह आवरा. मास्टर्स ऑफ डिझास्टरशी लढणाऱ्या आउटसायडर्सच्या संघात जिओ-फोर्स आहे, त्याची ताकद भूमीशी जोडलेली. मेटामॉर्फो आहे, जो शरीर वेगवेगळ्या मूलद्रव्यांत बदलतो. म्हणजे निसर्गाची ताकद दोन्ही बाजूंना आहे. नुसत्या शक्तींच्या तोडीवर लढत ठरणार असेल तर तिचा निकाल वाचक मुखपृष्ठावरच लावेल.

भाडोत्री खलनायकाची एक कमजोरी इतर खलनायकांकडे नसते. त्याची लढाई रद्द होऊ शकते. ठेकेदाराला अटक झाली, बयाण्याचा चेक परत आला, लिलाव पुढे ढकलला गेला, की टोळीला लढायचं कारणच उरत नाही. नायक सुपारीच्या मुळावर घाव घालू शकतो. तो आवारात येण्याऐवजी ठेकेदाराच्या ओसरीवर जाऊन बसतो.

"अण्णा, बयाणा दिलात. बाकीचे कुठून देणार? डंपर तर अजून तुमचे झालेच नाहीत."

याला मारामारीपेक्षा पानं कमी लागतात आणि वाचकाला नायक हुशार वाटतो. तरी एक झटापट ठेवा, लोक ती बघायलाही येतात. मार्व्हलच्या 'फोर्स ऑफ नेचर' या टोळीतही आग, पाणी, हवा, जमीन अशी वाटणी आहे आणि तिला कामाला लावणारे पर्यावरणाच्या नावाने टोकाला गेलेले लोक आहेत. तिथेही विचार करण्याजोगा प्रश्न टोळीपेक्षा तिच्या मालकांबद्दलचा आहे.

तपासा: नायकाने एकही ठोसा न मारता सुपारी मोडता येते का? एक तरी वाट असू द्या. ती तुम्ही वापराल की नाही हा पुढचा प्रश्न.

## टप्पा ७: झटापटीची पानं

आता नकाशा काढा. फाटक कुठे, कार्यालय कुठे, कडुनिंब कुठे, डंपरांची रांग कशी, वाळूचे ढीग कुठे, वॉचमनची खाट कुठे. हा नकाशा ज्यांच्याकडे नसतो त्यांच्या गोष्टीत फाटक तिसऱ्या पानावर डावीकडे आणि पाचव्या पानावर उजवीकडे असतं.

अमेरिकन मासिक अंक बराच काळ बावीस पानांचा असायचा. पहिल्या प्रयत्नात तेवढी पानं घेऊ नका. बारा पानं घ्या आणि त्यांतली चार झटापटीला.

पानं लिहिताना हा क्रम पाळा.

१. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला परिस्थिती काय आणि शेवटी काय, हे दोन ओळींत लिहा. दोन्ही ओळी सारख्याच असतील तर ते पान फुकट गेलं.

२. मग कुणाची शक्ती कधी, हे ठरवा. पाणी आधी येऊ द्या, कारण एकदा ते आवारात शिरलं की बाकी सगळ्यांचे पर्याय बदलतात. वारा दुसरा. हादरे शेवटी, तेही अनवधानाने. आग शक्यतो टाळलेली, आणि टाळली म्हणूनच वाचक तिची वाट बघतोय.

३. लहान चौकोनांत कच्ची पानं काढा, अंगठ्याएवढी. तोंडं काढू नका, फक्त कोण कुठे उभा आहे ते.

४. यानंतरच संवाद. आधी लिहिलेले संवाद जपायला म्हणून चौकटी वाढवल्या जातात, हे फार वेळा होतं.

पाण्याची पातळी ही इथली खास डोकेदुखी. भिंतीवर एक खूण ठरवा, समजा खिडकीची खालची कड, आणि प्रत्येक चौकटीत पाणी त्या खुणेपासून किती खाली आहे ते समासात लिहा. नाहीतर एका चौकटीत घोट्यापर्यंत, पुढच्या चौकटीत गुडघ्यापर्यंत आणि त्याच्या पुढे वॉचमनची खाट कोरडी, असं होतं. साधारण दोन फूट वाहत्या पाण्यात मोटारगाडीसुद्धा वाहून जाऊ शकते. त्यामुळे पाणी गुडघ्याच्या वर गेल्यावर कुणी सहज पळताना दाखवू नका.

सावधान: एका चौकटीत दोनपेक्षा जास्त शक्ती नकोत. वाचकाचा डोळा तिसरी शोधत नाही, तो पान उलटतो.

## टप्पा ८: मराठी अक्षरं आणि फुगे

इंग्रजी कॉमिक वाचून शिकलेले चित्रकार फुगा इंग्रजीच्या मापाने काढतात आणि मग वेलांट्या वर चिकटतात, उकार खालच्या ओळीत घुसतात. देवनागरीत ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा आणि फुगा आडवा न ताणता थोडा उंच काढा. विभक्तीप्रत्यय जोडून आपले शब्द लांब होतात, म्हणून एका फुग्यात पंधरा-सोळा शब्दांच्या पुढे जाऊ नका.

संगणकावर करत असाल तर पहिलं पान रंगवण्याआधी एक चाचणी घ्या. 'दृष्टी', 'क्रूर', 'वाऱ्याच्या', 'उद्ध्वस्त' हे चार शब्द टाइप करून बघा. जोडाक्षरं फुटली, किंवा वाऱ्यातला अर्धा 'र' नीट उमटला नाही, तर सॉफ्टवेअरची मजकुराची सेटिंग बदलावी लागेल. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळा पर्याय असायचा, तो सुरू करावा लागायचा. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेले 'बालू' आणि 'मुक्ता' मोफत मिळतात. बालू गुबगुबीत आहे, विनोदी गोष्टीला शोभतो. आपल्या डंपरवाल्या गोष्टीला मी मुक्ता घेईन आणि ओरडण्यापुरता बालू.

आवाजाचे शब्द हाताने काढा. फॉन्टमधला 'धडाम' मेलेला दिसतो. आणि ते शब्द आपल्याच कानाने ऐका. पाण्याला 'स्प्लॅश' कशाला, 'खळ्ळ', 'चुबुक', 'धबाक्' आहेत. वाऱ्याला 'सूंऽऽ'. ओल्या वाळूत डंपर रुतताना 'फस्सऽ'. आकाशवाल्याच्या वर्तुळात हे सगळे शब्द कडेला येऊन अर्धे कापले जाऊ द्या: 'धबा' आणि पुढे कोरं. आवाज कुठे संपतो ते वाचकाला डोळ्यांनी दिसेल.

तपासा: एक पान कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचा. मोबाइलच्या पडद्यावर मोठं करून वाचलेलं धरायचं नाही.

## टप्पा ९: हिशोब

काम फत्ते झालं किंवा फसलं, तरी पैशांचं पान हवंच. भाडोत्री टोळीची गोष्ट मारामारीनंतर लगेच संपवली की सुपारीचा कागद वाया जातो. बयाणा आधीच खर्च झालाय. बारापैकी सात डंपर बाहेर आले, तर ठेकेदार किती देणार? तो म्हणेल पाच कमी आलेत. मेकॅनिक म्हणेल माझे पैसे गाडीमागे ठरलेत. धक्केवाल्याच्या चुकीने तीन रुतले, ते त्याच्या हिश्शातून कापायचे का? ही वादावादी एका पानावर, सहा चौकटींत, चहाच्या टपरीवर बसवा. शक्ती कुणीही वापरायची नाही. वाऱ्यावालीच्या समोरचा कागद तेवढा थोडा उडतो.

कुणी टोळी सोडणार असेल तर तो निर्णय इथे पहिल्यांदा येता कामा नये. विंडफॉल पुढे आउटसायडर्सच्या बाजूला गेली, आणि ते पटतं कारण बहिणीच्या मागे फरफटत जाणं पहिल्यापासून दिसत होतं. तुमच्या धाकटीसाठी आधीच्या पानांत तीन जागा राखून ठेवा: एक प्रश्न, ज्याला ताईने उत्तर दिलं नाही, एक चौकट, ज्यात वॉचमनची खाट पाण्यावर तरंगू नये म्हणून धाकटी वाऱ्याने ती भिंतीशी दाबून धरते, आणि वाटणीच्या पानावर तिच्यासमोर ठेवलेलं, तिने हात न लावलेलं पाकीट. तिन्ही जागा कच्च्या पानांवर लाल पेन्सिलने गोल करा. शाई करताना पहिली काटछाट नेमकी याच चौकटींची होते.